योनाचं डोकं

साळवेकाका प्रत्येक गोष्ट उजेडासमोर धरून बघायचे. पापड, खुबूसची अरबी रोटी, माझ्या मुलीचं प्रगतिपुस्तक. आखातात, मदिनत खलीफात आम्ही त्यांच्या शेजारी राहायला आलो, त्या दिवशी माझ्या बायकोने दिलेली पुरणपोळीही त्यांनी खिडकीशी नेली. "पुरण कडेपर्यंत गेलंय. पास!" पाइपांच्या वेल्डिंगचे एक्स-रे वाचून भेगा शोधणं ही त्यांची नोकरी. घरीही ती सुटायची नाही.

काका नगरकडचे ख्रिस्ती. युरोपातल्या मध्ययुगीन चर्चमधल्या रंगीत काचांच्या खिडक्यांचं एक जाडजूड पुस्तक त्यांच्याकडे होतं. शुक्रवारी चहाला बोलावून ते दाखवायचे. "हे नोहाचं तारू. हत्तीची सोंड बघ, दुधी भोपळा! करणाऱ्यानं हत्ती बघितलाच न्हवता लेका. तरी काढला. ह्याला म्हणायचं विश्वास!"

निवृत्त होताना गावच्या चर्चला आपल्या हातची तशी एक खिडकी द्यायची, एवढंच त्यांच्या मनात होतं. विषय योनाचा. देवाने सांगितलेलं काम टाळून पळालेला, मोठ्या माशाने गिळलेला आणि तीन दिवसांनी बाहेर आलेला योना. टेबलावर काचेचे तुकडे मांडून झाले. जोडायचे तेवढे बाकी होते. काका दोन आठवडे गावी गेले आणि कढीपत्त्याला पाणी घालायला किल्ली माझ्याकडे दिली.

पाणी घातलं आणि निघावं की नाही? मी योनाचं डोकं उचललं, उजेडासमोर धरलं आणि पाडलं. चार तुकडे!

कबूल करायला हवं होतं. मी त्यांच्याच उरलेल्या काचेवर त्यांच्याच रंगांनी नवं डोकं रंगवलं. नमुना म्हणून समोर न्हाणीघरातला आरसा होता. रंग पक्का व्हावा म्हणून बायकोच्या केकच्या ओव्हनमध्ये ते भाजलं, तेव्हा घरभर वास सुटला.

"अहो, फोन करून सांगून टाका ना," ती म्हणाली.

"ते आले की सांगतो."

काका आले. डोकं त्यांनी उजेडाला धरलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "खलास, झालं काम. आता जोडतो."

पुढचे आठ महिने मी दर शुक्रवारी सांगायचं ठरवून जायचो आणि चहा पिऊन परत यायचो. त्यातच काका एकदा म्हणाले, "जुन्या खिडकीत तुकडा फुटला की हाताला लागंल तो बसवायचे. एका संताच्या मानेवर कुणाचंही मुंडकं!" मला ठसका लागला. त्यांनी शांतपणे पाठ थोपटली.

शेवटी काका निवृत्त होऊन गावी निघायचा दिवस आला. खिडकी खोक्यात गेली, झाकणाला स्क्रू बसू लागले आणि मी रडकुंडीला येऊन ओरडलो, "काका, योनाचं डोकं मी फोडलं! ते खोटं आहे!"

काकांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "आरं, तीस वर्षं भेगा शोधून पगार घेतलाय. तुझी मिशी न्हाई व्हय ओळखणार?"

"मग बोलला का नाहीत?"

"योना माशात तीन दिवस बसला. तू आठ महिने बसलास. म्हटलं, येईल तवा येईल भाईर." त्यांनी मला पोटाशी धरलं. "मुंडकं ऱ्हाऊ दे तेच. पास!"

महिन्याभराने गावाहून फोटो आला. चर्चच्या भिंतीत लाल-निळी खिडकी, आ वासलेला मासा आणि त्याच्या जबड्यात मिशीसकट मी. मुलीने फोन माझ्या हातातून ओढला.

"बाबा! व्हाय आर यू इन अ फिश?"

"आत नाही गं," मी म्हटलं, "बाहेर येतोय."