तारीख कुणी घालायची?

आमच्या सांता क्लारातल्या बस तिकिटांच्या कार्यालयात सेनाइदा केसादाइतकं आळशी माणूस दुसरं नाही, आणि हे ती स्वतःच मिरवते. एकच काम दोनदा करायला लागलं की तिच्या डोक्यात तिडीक जाते. त्या आळसापोटीच तिने मेकफाइल लिहिली. कोणत्या फाइलीतून काय तयार होतं, ते त्यात मांडलेलं. 'मेक' म्हटलं की मशीन तारखा बघतं आणि बदललेलं तेवढंच नव्याने बांधतं. पूर्वी तिकिटविक्रीचा अख्खा प्रोग्रॅम बांधायला तीन तास जायचे. आता कॉफी गाळून होईपर्यंत काम उरकतं.

आमचा साहेब एव्हेलियो याला हे कधीच रुचलं नाही. माणूस घामाघूम दिसल्याशिवाय काम झालं, असं त्याला वाटतच नाही.

ऑगस्टात सांतियागोच्या बसमधली एकेक जागा दोघादोघांना विकली गेली. सेनाइदाने चूक शोधली, एक फाइल दुरुस्त केली, मेक चालवलं. 'करण्यासारखं काही नाही,' असं उत्तर आलं. तिने प्रोग्रॅम स्थानकावर धाडला. दुपारच्या बसमध्ये लोक पुन्हा एकमेकांच्या मांडीवर!

एव्हेलियो तणतणत आला. "बास झाली तुझी जादू! उद्यापासून मेकफाइल बंद. सगळं हाताने, रोज, पहिल्यापासून!"

सेनाइदाचा चेहरा उतरला. अकरा वर्षं जपलेली फाइल ती. मला वाईट वाटलं, आणि धडकीही भरली, कारण हाताने बांधणाऱ्यांत मीही असणार होतो.

ती मशीनपुढे बसली. जरा वेळाने हाक आली, "एव्हेलियो, आज तारीख काय रे?"

"सहा ऑगस्ट. का?"

"मशीन म्हणतंय, एक जानेवारी दोन हजार दोन."

वीज गेली की आमच्या मशीनचं घड्याळ मागे जातं. आतली बॅटरी केव्हाच संपली, नवी मिळत नाही. म्हणून सकाळी जो मशीन चालू करेल त्याने तारीख घालायची, हा इथला रिवाज. दुरुस्त फाइलीवर सतरा वर्षं जुनी तारीख पडली आणि मेकने ती बदललेलीच नाही असं समजून सोडून दिली.

"मीही डोळे झाकून विश्वास ठेवला, ती माझी चूक," सेनाइदा म्हणाली. "पण सकाळी मशीन चालू कुणी केलं, बाबा?"

त्यावर पत्ते खेळायला एव्हेलियोनेच केलं होतं. सगळ्यांना ठाऊक होतं.

तारीख घालून, फाइल पुन्हा साठवून तिने मेक चालवलं. संध्याकाळच्या बसमध्ये ज्याला त्याला आपली जागा मिळाली. मेकफाइल बंद करायचा विषय पुन्हा निघाला नाही.

तिने मात्र मेकफाइलीत वरच एक नियम घातला: साल दोन हजार दोन दिसलं तर काही बांधायचं नाही, फक्त 'एव्हेलियो, तारीख घाल' एवढं दाखवायचं.

"माझं नाव तरी काढ गं," तो आठवडाभर विनवत होता.

"मी कशाला दोनदा काम करू? फाइल उघड आणि तूच काढ."

एव्हेलियो सध्या मेकफाइल शिकतोय.