दहाचा पाना

शेजारच्या भावजींच्या शेडात भिंतीला पान्यांची रांग टांगलेली हाय. वीस-बावीसचा पाना आणल्यापासनं कशालाच लागला न्हाई, तरी दसऱ्याला त्याला तेल आन् झेंडूचं फूल. रोज लागणारा दहाचा पाना मात्र कायम हरवलेला. कुठं ठेवला विचारलं की म्हणणार, "वहिनी, कोंबडीनं नेला असंल!"

काल डेअरीला दूध घालायच्या वेळेलाच त्यांची गाडी अडली, तवा आमच्या ह्यांचा दहाचा पाना मागायला आले. हे गेल्यापासनं त्यांच्या हातचं तेवढंच हत्यार माझ्याकडं उरलंय.

"हरवला तर बघा, भावजी!" मी दम दिला.

न राहवून मी मागनं शेडात डोकावले. पाना सुतळीनं मनगटाला बांधून भावजी बॅटरीचा बोल्ट आवळत होते, आन् जवळ आलेल्या कोंबडीला पायानं हुसकत होते.