उजव्या गालावरचा डाग

सोलापुरात स्किन क्लिनिकच्या काउंटरवर बसलं की किस्से शोधत फिरावं लागत नाही. माणसं ऊन लागू नये म्हणून स्कार्फ गुंडाळून येतात, कुणी ओळखू नये म्हणून तसाच गुंडाळून जातात, आणि मधल्या वेळात जे उघडं पडतं ते माझ्याकडे राहतं. बहुतेक किस्से हसायचेच. एक मात्र तसा नाही. तो शेवटी सांगते.

*

माळशिरसच्या एक रिटायर्ड मुख्याध्यापिका सुरकुत्यांसाठी लेसर करायला आल्या. आमच्या डॉक्टर मॅडमनी हातात आरसा देऊन विचारलं, "कुठल्या कुठल्या कमी करायच्या?" बाई पेपर तपासल्यासारखं एकेकीवर बोट ठेवत गेल्या. भुवयांमधल्या दोन आठ्यांपाशी बोट थांबलं.

"ह्या राहू द्या. आमचे हे अजून ह्यांनाच घाबरतात."

*

एका बाईंनी लेकीच्या लग्नाच्या तोंडावर लेसर करून घेतलं. मॅडमनी बजावलं होतं, आठवडाभर उन्हात जायचं नाही, तोंडाला काही लावायचं नाही. चौथ्या दिवशी बाई लालबुंद चेहरा घेऊन हजर.

"उन्हात गेलात ना?"

"न्हाय की. मांडवातच होते."

"मग काही लावलंत?"

"म्या कशाला लावू? बायकांनी लावलं. हळद होती की!"

मॅडमनी कपाळाला हात लावला. मलम दिलं, थंड पट्ट्या ठेवायला सांगितल्या. लग्नाच्या दिवसापर्यंत लाली उतरली आणि आम्ही हुश्श केलं.

*

आता तो किस्सा. उभं आयुष्य ट्रक चालवलेले एक मामा आले. खिडकीच्या बाजूचा उजवा गाल उन्हानं रापून काळा पडलेला, डावा बरा.

"डाव्याला हात लावू नका, तो चांगला हाय," मामा म्हणाले. "ह्यो एवढा डाग तेवढा लेसरनं उडवा. आमची मंडळी लई मागं लागलीय."

मॅडमनी उजव्या गालावरचा तो डाग भिंगातून पाहिला आणि पुन्हा पाहिला. मग खुर्ची जवळ ओढून बसल्या.

"मामा, हा आत्ता जाळायचा नाही. आधी तुकडा काढून तपासू. कॅन्सर नाही ना, एवढं बघू."

मामांनी तुकडा काढू दिला. जाताना मला एवढंच म्हणाले, "घरी फोन करू नका. मी स्वतः यीन."

*

रिपोर्टला आठ दिवस लागणार होते. मामा तिसऱ्या दिवशीच आले. म्हटलं, "अजून आला नाही हो." तर म्हणाले, "ते म्हाइतीय. पाणी प्यायला आलतो." पाणी प्यायले आणि गेले. पुढं रोज यायला लागले. मी आधीच ग्लास भरून ठेवायचे. एवढी वर्षं काउंटरवर बसते, पण त्या आठवड्यात प्रत्येक कुरिअरवाल्याची मला भीती वाटली.

*

रिपोर्ट आला तेव्हा मामा काउंटरसमोरच बसले होते. मॅडमनी वाचला आणि दारातूनच सांगितलं, "मामा, काही नाही. साधा उन्हाचा डाग आहे. आता खुशाल लेसर करू."

मामा उठले, परत बसले. मला तर रडूच फुटलं.

"मॅडम," मामा म्हणाले, "एक घोटाळा झालाय. मी फोटो काढून ठिवलाय."

"कसला फोटो?"

मामांनी दोन्ही हात पसरून माप दाखवलं. "भिंतीवरला. माझ्या माघारी घरच्यांची धावपळ नको म्हणून. हार घालायला फ्रेमला वर खिळाबी मारून घेतलाय. कपाटामागं लपिवलाय."

*

पुढच्या आठवड्यात मामा लेसरला आले तेव्हा सोबत मामी होत्या. कपाट झाडताना फ्रेम त्यांच्या हाती लागली होती. मामा आत गेले आणि मामी माझ्याशेजारी येऊन बसल्या.

"चार दिस बोललेच न्हाय मी त्यांच्याशी," त्या म्हणाल्या. "मग मीच गेले फोटोवाल्याकडं. म्हणलं, जित्या माणसाचा एकट्याचा फोटो भिंतीवर लावायचा नसतो. शेजारी मला बशीव."

मोबाइलवर त्यांनी फोटो दाखवला. इस्त्रीच्या शर्टातले मामा आणि त्यांना खेटून मामी, डोक्यावर पदर.

"फोटोवाला इचारत होता, मावशी, तुमच्या सुरकुत्या काढू का?" मामींनी पदर सारखा केला. "म्या म्हणलं, राहू दे. ह्यांच्या शेजारी कोण बसलंय ते कळाया पायजे."