खरा भाव सांगणारा विलास

विलासच्या बायकोचा, सुमनवहिनींचा फोन आला तेव्हा मी नगरमध्ये दूध घेऊन घरी येत होतो. "भाऊजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या... त्याला आता दीड महिना होऊन गेला. माणूस गेला की हळूहळू मन शांत होतं म्हणतात. माझं झालेलं नाही. मला राग आहे, जुनी कॉमिक्स विकत घेणाऱ्या पुण्याच्या एका व्यापाऱ्याचा. आणि खरं सांगायचं तर विलासचाही आहे.

कोपरगावात आम्ही एका बाकावर बसून शिकलो. स्टँडवरच्या स्टॉलवरून आणलेली कॉमिक्स आणि च्युइंगगमबरोबर मिळणारी क्रिकेटपटूंची कार्डं, हे आमचं वेड. माझं कॉलेजात सुटलं, त्याचं सुटलं नाही. चित्रकलेचा शिक्षक झाला, लग्न झालं, तरी कपाटं भरतच राहिली. लोक हसायचे. पुढे या जुन्या अंकांना गिऱ्हाईक आलं, तेव्हा हसणारेच खोकी घेऊन त्याच्या दारात उभे राहिले. रविवारी सकाळी तो एकेक अंक तपासायचा. पिना गंजल्यात का, मधलं पोस्टर कुणी काढून घेतलंय का, अंक पहिल्या छपाईचा की नंतरचा, कार्डामागं डिंक लागलाय का... शेजारी शेंगा फोडत बसलेल्या सुमनवहिनींना तो प्रत्येक वस्तू दाखवायचा. या कामाचा त्यानं कुणाकडून पैसा घेतला नाही.

एकदा कर्जतकडच्या एक बाई नवऱ्याची जुनी कॉमिक्स घेऊन आल्या होत्या. तो व्यापारी नेमका तिथंच बसला होता. सगळ्या गठ्ठ्याचे त्यानं पाचशे सांगितले. बाई हो म्हणणार, तेवढ्यात विलासनं एक अंक बाजूला काढला. "ताई, हा एकटाच आठ हजारांचा आहे. घाई करू नका." व्यापारी तोंड कडू करून उठला. विलास मात्र त्या दिवशी मोठ्यानं हसला होता.

मग फुप्फुसांचं दुखणं आलं. ऑक्सिजनचं यंत्र घरात आलं, औषधांना पैसे कमी पडायला लागले. हे त्यानं मला कळू दिलं नाही. कळवलं त्या व्यापाऱ्याला! तो आला, विलासनं तीस वर्षं जमवलेला पहिल्या छपाईचा संच त्यानं चाळला आणि म्हणाला, "सर, हे सगळं नंतरच्या छपाईचं. आता मागणीही राहिली नाही." आणि जवळजवळ रद्दीच्या भावात तो संच गाडीत घालून घेऊन गेला.

शेवटच्या भेटीत मला रिकामं कपाट दिसलं. मी ओरडलोच. "तुला कळत नव्हतं तो खोटं बोलतोय?"

"कळत होतं रे..." तो थांबला, यंत्रातून श्वास ओढला. "भांडायला दम पुरला नाही."

अरे, मग मला बोलवायचंस! मी भांडलो असतो. आयुष्यभर दुसऱ्याच्या बाजूनं बोलणाऱ्या माणसाला स्वतःसाठी एक फोन करता आला नाही, याची चीड मी कुठं नेऊन ठेवू?

तेराव्यानंतर तो व्यापारी भेटायला आला. मी तिथंच होतो. हात जोडून झाले, सर देवमाणूस होते म्हणून झालं आणि लगेच, "वहिनी, ती कार्डं राहिली असतील ना?" मी मोबाईलवर त्याचीच जाहिरात उघडून समोर धरली. विलासचा संच, पहिली छपाई, विलासला दिले होते त्याच्या वीसपट किंमत.

सुमनवहिनींनी फोटो नीट पाहिला. "त्यांना नंतरची म्हनला हुता ना? मग हितं पयली कशी झाली?"

"वहिनी, व्यवहारात असं चालतं."

"आजारी मानसाशी चालतं व्हय? कार्डं हायेत. पर तुमाला न्हाई."

तो गेला. संच काही परत आला नाही, येणारही नाही. विलासनं स्वतःच्या सहीनं विकलाय, वकील म्हणाले, काही करता येणार नाही. ती जाहिरात मी अजूनही उघडून बघतो आणि पुन्हा नव्यानं पेटतो.

गेल्या रविवारी पुन्हा कोपरगावला गेलो. विलासच्या खुर्चीत सुमनवहिनी बसल्या होत्या. समोर राळेगणसिद्धीकडचे एक गृहस्थ, विलास गेल्याचं माहीत नसल्यामुळे पिशवी घेऊन आलेले. वहिनींनी खिडकीपाशी नेऊन एक अंक मागून-पुढून न्याहाळला, पिनांवरून बोट फिरवलं, मधली पानं उघडून पाहिली.

"पयल्या छपाईचा हाय," त्या म्हणाल्या. "चांगला भाव येईल. पर इकायला एकटं जाऊ नका. कुनाला तरी संगं न्या."