जिलेबी खाताना तपासलेला तीळ

मी डॉक्टर नाही. अमरावतीच्या एका लॅबमध्ये वीस वर्षांपासून टेक्निशियन आहे. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी, तीळ, चामखिळी आमच्याकडे बाटलीत येतात. त्या मेणात बसवायच्या, केसाहून पातळ कापायच्या, रंगवायच्या आणि काचेवर चढवून आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमसमोर ठेवायच्या, एवढंच माझं काम. रोग ओळखून सही मॅडम करतात. हे नातेवाइकांना सांगायला गेलो की ते म्हणतात, "म्हणजे डॉक्टरच ना!" दोन-तीनदा नाही म्हणून पाहिलं. मग सोडून दिलं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

त्यामुळे लग्नात माझा दवाखाना सुरू होतो. माणसं जेवता जेवता बाह्या वर करतात. मोर्शीच्या एका लग्नात तर, नवरदेव मंडपात शिरत असताना, मुलीकडच्या एका काकांनी माझ्यासमोर शर्टाची बटणं सोडली. मी चष्मा नाकावर ओढतो, गंभीर होतो आणि म्हणतो, "काही नाही, तीळ आहे." काका खूश, मीही खूश.

त्याच लग्नात ताईनं मला गाठलं. ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, अकोल्याला असते, शाळेतून निवृत्त झाली तरी आवाज अजून वर्गातला आहे. माझ्या हातात तिसरी जिलेबी होती. तिनं पाठमोरी होऊन पदर जरा बाजूला केला.

"हे पाह्य बरं पाठीवरचं. मोठं होऊन राहिलं असं वाटते मले."

"काही नाही ताई, तीळ आहे," मी म्हणालो. जिलेबी अगदी गरम होती.

दीड वर्षानं ताई आमच्याकडे राहायला आली. दुपारी बायको तिच्या पाठीला बाम लावत होती, ती एकदम थांबली आणि तिनं मला हाक मारली. मी या वेळी मात्र पाहिलं. तीळ चिंचोक्याएवढा झाला होता. अर्धा काळाकुट्ट, अर्धा तपकिरी, कड वाकडीतिकडी. दोन बाजू सारख्या नसणं, कड ओबडधोबड, रंग एकाहून जास्त, आकार वाढता. तिळाचा कॅन्सर असा ओळखावा, असं मॅडम नव्या मुलांना शिकवतात आणि मागे उभा राहून मी ते इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन.

"काढून टाकू ताई," मी म्हणालो.

"कावून? तू तं म्हणला काई नाई म्हणून."

"साडीला घासतो ना."

सर्जननं तीळ काढला आणि आपल्याकडच्या रीतीनं बाटली तिच्याच हातात दिली, लॅबला पोचवा म्हणून. ताईनं ती पिशवीतून आणली, माझ्यासाठी केलेल्या कोथिंबिरीच्या सांबारवडीच्या डब्याशेजारी. बाटली टेबलावर, डबा माझ्या हातात. "आदी हे खाऊन घे," म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा मला सांबारवडी गिळवेना.

दुसऱ्या दिवशी ताईचा तुकडा मेणात बसवून यंत्रावर लावला. माझा हात लॅबमध्ये नावाजलेला. त्या सकाळी पहिला काप फाटला, दुसरा दुमडला, तिसरा कोमट पाण्यात सोडला तर मीच बोट लावून बिघडवला. चौथा काचेवर चढला. रंगवला आणि मॅडम यायच्या आत मायक्रोस्कोपखाली घातला. नको होतं घालायला. हजारो काचा ओळखल्या असतील मी मनातल्या मनात, पण त्या दिवशी नुसता काळा रंग दिसायला लागला. चांगलं काय नि वाईट काय, काही कळेना. मंडपात जिलेबी खाता खाता सगळं कळत होतं.

मॅडम आल्या. माझा चेहरा पाहून म्हणाल्या, "कोणाचं आहे?"

"ताईचं."

त्या काच सरकवत राहिल्या. पंखा फिरत होता. मग म्हणाल्या, "या, बघा. खालची कड किती सरळ आहे. पेशी सगळ्या वरच वाढल्यात, खाली कुठे शिरल्या नाहीत. आणि हे गोल?"

गुलाबी गोल होते, आत थरावर थर, कापलेल्या कांद्यासारखे. ते गोल मी हजारदा पाहिले होते.

"सेबोरिक केराटोसिस," त्या म्हणाल्या. "काळा रंग जास्त आहे म्हणून भीती दाखवतो, बाकी निरुपद्रवी. चहा सांगा."

मी चहा सांगायला बाहेर गेलो आणि जिन्यात बसून रडलो.

घरी येऊन ताईला रिपोर्ट वाचून दाखवला. कॅन्सर नाही, वयानुसार येणारी चामखीळ आहे, म्हटलं.

"कोनाचं वय?" ताई फणकारली. "मॅडमले म्हण, अजून दोन जिने चढतो आमी."

मग माझ्यानं राहवलं नाही. "ताई, मोर्शीला मी पाहिलंच नव्हतं गं. सगळं लक्ष जिलेबीत होतं. आणि मी डॉक्टर नाही."

"मले का मालूम नाई? तुही बारावीची मार्कशीट मीच आणली होती."

"मग मला कशाला दाखवलंस?"

तिनं रिपोर्टची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली.

"अकोल्यात डॉक्टर का कमी आहेत? पण त्यायनं खरं सांगतलं असतं. मले लय भेव वाटत होतं रे. तू 'काई नाई' म्हणशीन हे मालूम होतं, म्हणून तुलेच दाखवलं." आणि पदर नीट करत म्हणाली, "दीड वर्ष त्या 'काई नाई'च्या भरोशावरच झोपली मी."