इशारा आला त्यानंतर

माझा नवरा वाशिमच्या कोर्टात वकील. एका प्रकल्पात जमीन गेलेल्या शेतकऱ्यांची केस तो लढत होता. त्या उन्हाळ्यात त्याच्या फोनवर फोन बनवणाऱ्या कंपनीचा इशारा आला: सरकारी पाठबळ असलेले हल्लेखोर तुमच्या फोनमध्ये शिरायचा प्रयत्न करत असावेत. कोणतं सरकार, ते लिहिलं नव्हतं.

मला वाटलं, कुणीतरी फसवतंय. पण तो जेवणावरून उठला आणि फोन गव्हाच्या कोठीत ठेवून आला. "आता बोल," म्हणाला.

मग घरात कुजबुजच सुरू झाली. मुलीचा हॉस्टेलवरून फोन आला की तो आधी विचारायचा, "बाजूले कोन हाय?" शेलूबाजारचे अशील फोन उचलेनासे झाले. शेवटी त्याचा संशय अनसिंगच्या मित्रावर गेला. दोघं शाळेपासूनचे. मित्रानं एका लग्नात फोटो काढायला याचा फोन घेतला होता, एवढंच. पण त्याची पुढाऱ्यांत उठबस होती.

मित्र घरी आला, तर यानं दारातच विचारलं, "माह्या फोनमंधी काय टाकलं तू? कोनी सांगतलं तुले?"

मित्र हसला. "काहून असा बोलून राह्यला बे?" मग याचा चेहरा पाहून त्याचं हसू विरलं. "वहिनी, तुमाले बी असंच वाटते काय?"

मी नाही म्हटलं. पण तो वळून चालू लागला होता.

पुढे नागपूरच्या एका जाणकारानं फोन तपासला. म्हणाला, "आत शिरायला फोन हातात घ्यावाच लागत नाही. लांब बसून करतात." आत काही शिरलं होतं का, हे मात्र त्यालाही ठामपणे सांगता आलं नाही.

येताना नवरा म्हणाला, "लाठी मारली असती त वळ तरी दाखोता आला असता."

तसेच आम्ही अनसिंगला गेलो. यानं हात जोडून माफी मागितली. "जाऊ दे," मित्र म्हणाला. चहा पाजला. पण बाजेवरचा स्वतःचा फोन त्यानं आत नेऊन ठेवला, आणि मग फक्त सोयाबीनबद्दल बोलला. केसचं काय झालं, ते विचारलं नाही.

केस अजून चालू आहे. अशील आता जीपनं घरीच येतात. बसल्यावर आधी एकमेकांचे चेहरे पाहतात, मग बोलतात.