वेळेतला कडता

भरमू गेल्याचा फोन आला तेव्हा मला आधी रडू आलं नाही, शंका आली. डॉक्टरांनी दिवाळी सांगितली होती आणि अजून गणपतीही बसले नव्हते. "खरंच गं?" असं मी त्याच्या मुलीला, सुजाताला, दोनदा विचारलं. बापाच्या मरणाबद्दल लेकीला असं विचारू नये... पण जन्मभर भरमूशी दोस्ती केल्यावर माणूस सरळ विश्वास ठेवायचं विसरतो.

भरमू बोरगावचा, तंबाखू लावणारा शेतकरी. निपाणीच्या वखारीत ओलावा, काडीकचरा म्हणून व्यापारी वजनातून जो कडता कापायचे, त्यानं त्याचा स्वभाव कायमचा बिघडवला. घराच्या पुढल्या सोप्यात आढ्याला ताणकाटा टांगलेला. दुकानातली साखर आधी काट्यावर चढायची, मग डब्यात. कुणी कसलाही आकडा सांगितला की डोळे बारीक करून याचा ठरलेला प्रश्न, "ह्यात कडता किती?"

सुजाता नोकरीला बंगळूरला गेली. "आप्पा, बेळगावातनं विमानानं तासाभराचं तर अंतर," म्हणून बोलवायची. "तास हवेतला," हा म्हणायचा. "बोरगावास्नं सांबऱ्याच्या इमानतळापत्तरचा येळ कुणी धरायचा? आनि तिकडं उतरून तुझं घर?" शेवटी मी बरोबर येतो म्हटल्यावर तयार झाला. विमान वेळेच्या बरंच आधी उतरलं, वैमानिकानं मोठ्या तोऱ्यात तसं जाहीरही केलं. लोक खूश. भरमू मात्र पट्टा न सोडता बसून राहिला. "ही मिन्टं आली कुठनं? म्हंजे तिकिटावर जादा ल्हिवत्यात. उशीर झाला तरी येळेवर, न्हाय झाला तर शाबासकी. लई हुशार हाईत रं, येळंतबी कडता!" दारातल्या हवाईसुंदरीलाही त्यानं ते मोडक्या हिंदीत ऐकवलं. मी मान खाली घालून उतरलो, पण म्हणणं मला पटलं होतं. न्यायला आलेल्या सुजातानं घरापर्यंत टॅक्सीत तेच ऐकलं. तो रस्ता विमानापेक्षा लांबला, म्हणून भरमू आणखी खूश.

यंदा पावसाळ्याच्या तोंडावर त्याचं पोटाचं दुखणं निघालं. बेळगावच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून, "दिवाळी आरामात बघाल," असा धीर दिला. भरमूनं खाटेवरूनच विचारलं, "ह्यात कडता किती?" डॉक्टर गोंधळले. मला हसू आलं. त्यानं तिथूनच लेकीला फोन लावला. "दिवाळीचं तिकीट काढू नगंस. आत्ता ये." सुजातानं एका शब्दानं विचारलं नाही, दुसऱ्या दिवशीच्या विमानानं आली. शेवटचे दीडेक महिने बाप-लेक सोप्यात गप्पा मारत बसले. त्याच्या संशयाला आम्ही सगळे वैतागायचो, पण हे दिवस त्या संशयानंच मिळवून दिले.

दिवसकार्य उरकून सुजाता परत निघाली. बॅग भरली आणि सवयीनं ताणकाट्याला अडकवली, आकडा बघितला, उतरवली. काटा तिथंच झुलत राहिला. मी सांबऱ्यापर्यंत सोडायला गेलो. ती आत गेली, मी बाहेर उभा. थोड्या वेळानं तिचा फोन.

"काका, हितला काटा घरच्यापरास अर्धा किलो जादा दावतोय."

वजन मर्यादेतच होतं, पैसे काही पडणार नव्हते. तरी तिनं विचारलं,

"भांडू काय?"

"भांड," मी म्हणालो. "आप्पाचा काटा हाय त्यो."